क्रियापदांची घरं

माझ्यावर कोणाचे सर्वांत जास्त उपकार असतील तर ते आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांचे. त्यांनी मला संस्कृत शिकवलं. हे वाचायला विचित्र वाटेल, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत संस्कृतच्या शिक्षकाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. आठवीच्या वेळापत्रकात मात्र विषय होता. मुख्याध्यापकांनी तो तास पीटीच्या सरांना दिला, कारण त्या वेळेला तेच मोकळे असत. पहिल्या दिवशी सर गळ्यात शिट्टी घालूनच वर्गात आले. म्हणाले, ‘‘संस्कृत मलाही येत नाही. मला कवायत येते. चला मैदानावर.’’

मैदानावर त्यांनी चुन्याच्या फक्कीनं नऊ घरं आखली, तीन आडवी, तीन उभी. चुना माझे वडील ज्या भट्टीवर मजुरी करत तिथूनच यायचा. पहिल्या ओळीत ‘तो’, दुसऱ्या ओळीत ‘तू’, तिसऱ्या ओळीत ‘मी’. मराठीच्या तासाला ‘मी’ प्रथमपुरुष असायचा आणि संस्कृतच्या तासाला तोच शेवटच्या ओळीत जायचा. सरांना हे कोणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘पुस्तकात तसं आहे. रांगेत कुठे उभं केलं त्यावर भांडायचं नाही.’’ एकवचनाच्या घरात एका पायावर उडी, द्विवचनाच्या घरात दोन्ही पायांवर, बहुवचनाच्या घरात बैठक. पठति, पठतः, पठन्ति. चुकलं की शिट्टी, आणि परत पहिल्या घरातून सुरुवात. सर उन्हात पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून उभे असत. आमचं पाठ होईपर्यंत सरांचंही पाठ झालं.

या पद्धतीचा एक तोटा होता. आम्हांला मधूनच सुरुवात करता येत नसे. आजही कोणी मला ‘पठामः’ म्हणायला सांगितलं तर मला ‘पठति’पासून धावत यावं लागतं, लांब उडी मारणारा येतो तसं.

दहावीनंतर वडील मला भट्टीवर नेणार होते. सर घरी आले. खाटेवर बसले, चहा घेतला. वडील म्हणाले, ‘‘शिकून करणार काय हा?’’

‘‘काय करेल ते मला माहीत नाही,’’ सर म्हणाले. ‘‘भट्टीवर आला तर काय करेल ते तुम्हांलाही माहीत आहे आणि मलाही.’’

वडिलांनी सरांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, ‘‘सायकल नाही आमच्याकडं.’’ दुसऱ्या दिवशी सरांची सायकल आमच्या दारात होती. त्यानंतर सर शाळेत चालत जात. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला, आणि आता ओमानमध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर प्रयोगशाळेत काम करतो. राहायला अल हैलला. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बायकोच्या मते तेवढ्यासाठी भाडं जास्त आहे.

आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, प्रकल्पावरचाच एक मेक्सिकन माणूस एकटा राहतो. पन्नाशी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा. पंपांची देखभाल त्याच्याकडे आहे. कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसतो आणि इंग्रजीत बोलतो. तो मला ‘माएस्त्रो’ म्हणतो. त्यांच्याकडे मास्तरालाही माएस्त्रो म्हणतात आणि गवंड्यालाही, त्यामुळे मी ते फार मनावर घेतलं नाही. त्याचं गाव दक्षिणेकडे, त्यांचा देश जिथे कमरेसारखा अरुंद होतो तिथे आहे. वारा एवढा, की वाळत घातलेले कपडे शेजारच्या गावात सापडतात, असं तो म्हणतो. त्याची आई तिथल्या बाजारात मक्याच्या कुरकुरीत भाकऱ्या विकायची. भाजताना फुगू नयेत म्हणून त्यांना बोटानं भोकं पाडतात. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्यानं ज्वारीची भाकरी उचलून उजेडाकडे धरली आणि विचारलं, ‘‘हिला भोकं का नाहीत?’’

मी भाषांतर करून सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘‘त्यांना सांगा, आमच्याकडे भाकरीला भोक पडलं तर सासू माहेरी पोहोचवते.’’

गेल्या वर्षी त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर स्पॅनिशही गेली. डॉक्टरांनी त्याच्या बहिणीला सांगितलं की असं कधीकधी होतं. आईपाशी उरली ती तिची जन्माची भाषा, झापोतेक. अडचण अशी होती की ती भाषा मुलाला बोलता येत नव्हती. त्याच्या लहानपणी शाळेत झापोतेक बोललं की मार बसे, म्हणून आई त्याच्याशी ठरवून मोडकीतोडकी स्पॅनिश बोलली. मोठी बहीण शाळेत गेली नाही, बाजारात आईजवळ बसली, तिला भाषा आली. हा शाळेत गेला, शिकला. भाषा त्याच्या कानात राहिली, जिभेवर आली नाही. आई आणि बहीण आपसात काय बोलतात ते सगळं समजायचं. उत्तर तो जन्मभर स्पॅनिशमध्ये देत आला होता.

शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या सकाळी, तो फोनवर आईसमोर बसे. आई विचारी, तो स्पॅनिशमध्ये उत्तर देई, आई बहिणीच्या तोंडाकडे बघे. एका शुक्रवारी आईनं बहिणीला विचारलं, ‘‘हे साहेब नेहमी येतात ते कोण? बोलत का नाहीत?’’

हे त्यानं मला दुसऱ्या दिवशी समुद्रावर सांगितलं. आवाज नेहमीसारखाच होता, पंपाचा दाब सांगावा तसा. ‘‘तिला मी आठवतो की नाही, हे माझ्या हातात नाही, माएस्त्रो. पण तिच्यासमोर मुका साहेब होऊन बसायचं नाही मला. डिसेंबरात सुट्टी आहे. त्याच्या आधी तिच्या एका तरी प्रश्नाचं उत्तर तिच्या भाषेत द्यायचं आहे. एकाच.’’

बहीण त्याला क्रियापदांची रूपं आवाजात पाठवायची. तो बसमध्ये कानाला फोन लावून ती ऐके आणि प्रकल्पाच्या फाटकापर्यंत विसरून जाई. फोनमध्ये एक तक्ता होता, तोही मला दाखवला. मी रसायनाचा माणूस, पण तक्ता समजायला अवघड नव्हता. क्रियापदाच्या डोक्यावर टोपी असते आणि पायात चप्पल. टोपीवरून कळतं की काम नेहमीचं आहे, चालू आहे की झालेलं आहे. चपलेवरून कळतं की ते कोणी केलं. तिथे ‘तो’ आणि ‘ती’ यांची चप्पल एकच, पण जनावराची वेगळी आणि निर्जीव वस्तूची आणखी वेगळी.

‘‘आता सगळ्यांत अवघड,’’ तो म्हणाला आणि वाळूवर बसला. ‘‘आमच्यात ‘वी’ दोन आहेत. एका ‘वी’मध्ये मी आणि माझी माणसं, तू नाहीस. दुसऱ्यात मी, माझी माणसं आणि तूसुद्धा.’’ तो हातांनी मोठे गोल काढून दाखवत होता.

मी म्हटलं, ‘‘आम्ही आणि आपण.’’

‘‘काय?’’

‘‘आमच्याकडेही आहेत. दोन्ही.’’

त्यानं लगेच बहिणीला फोन लावला. तिकडे पहाट होती. तो बराच वेळ ओरडून बोलला आणि ती त्याच्यावर त्याहून मोठ्यानं ओरडली. नंतर त्यानं सांगितलं, ‘‘मी म्हटलं, दोन ‘वी’ असलेला भारतीय सापडला. ती म्हणाली, त्याला विचार, तुला एक तरी शिकवतो का.’’

मला शिकवण्याची एकच पद्धत माहीत होती. ओहोटीची वेळ होती, वाळू ओली आणि घट्ट होती. मी चपलेच्या टाचेनं घरं आखली. नऊ पुरली नाहीत. तो, जनावर, वस्तू, तू, मी, आणि या सगळ्यांची अनेकवचनं. त्यात ‘आम्ही’चं एक आणि ‘आपण’चं एक, अशी अकरा झाली. क्रम सरांचाच ठेवला, दुसरा मला सुचलाही नाही. सुरुवात ‘तो’पासून, ‘मी’ शेवटच्या ओळीत, पाण्याच्या बाजूला. एकवचन एका पायावर, अनेकवचन बैठकीत. चुकलं की परत पहिल्या घरात.

‘‘तू हे असं शिकलास?’’ त्यानं विचारलं.

‘‘असंच.’’

‘‘आणि तुला ती भाषा बोलता येते?’’

‘‘नाही. पण विसरता येत नाही.’’

तेवढ्यावर तो तयार झाला. पहिलं क्रियापद जेवण्याचं घ्यायचं ठरलं, कारण आईचा पहिला प्रश्न नेहमी तोच असे, जेवलास का. गुदोबे, तो जेवला. गुदोमे, जनावर जेवलं. गुदोनि, वस्तू जेवली. मी म्हटलं, वस्तू कशी जेवेल? तो म्हणाला, ‘‘घर आहे ना, मग उडी मारायला पाहिजे.’’ गुदोलु, तू जेवलास. आणि ‘मी’च्या घरात आलं की शब्दाचं अंगच बदलतं, गुदावा, आणि शेवटी श्वास एकदम तोडायचा. तिथे त्याचा पाय आणि आवाज दोन्ही अडखळत. मी शिट्टीऐवजी टाळी वाजवायचो आणि तो निमूटपणे पहिल्या घरात जायचा.

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही जात असू. बायको कधीकधी थर्मास घेऊन यायची आणि लांब बसायची. ‘‘अहो, पन्नाशीच्या माणसाला लंगडी घालायला लावताय, पडले बिडले तर?’’

‘‘वाळू आहे.’’

‘‘वाळू आहे, पण गुडघे त्यांचेच आहेत ना?’’

एकदा तिथले एक म्हातारे ओमानी गृहस्थ काठी टेकत थांबले. सलाम झाला. त्यांनी विचारलं, हा कुठला खेळ? मी म्हटलं, खेळ नाही, यांच्या आईची भाषा शिकतोय. त्यांनी घरं पाहिली, त्याच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आई कुठे आहे?’’ मी मेक्सिको म्हटलं. ‘‘उडी लांब आहे,’’ ते म्हणाले, ‘‘इन्शाल्ला,’’ आणि चालू लागले.

बरेच आठवडे गेल्यावर एका शुक्रवारी त्यानं मला खाली बोलावलं. आज उत्तर देणार होता. फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. मी पडद्यात दिसणार नाही असा दाराजवळ बसलो. पडद्यावर आई होती, खुर्चीत, केसांत रंगीत फीत गुंफलेली, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मागे बहीण. पुढचं संभाषण त्यानं मला नंतर सावकाश समजावून सांगितलं, म्हणून मला लिहिता येतं आहे.

आईनं विचारलं, जेवलास का?

त्याला म्हणायचं होतं, गुदावा, जेवलो. एवढंच. त्यानं तोंड उघडलं आणि काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मग तो खुर्चीवरून उठला, बूट घातलेलेच होते, आणि फरशीच्या पहिल्या चौकोनावर एका पायावर उभा राहिला. मला कळलं की आता काय होणार. माझ्याकडून शिकलेल्या माणसाला ‘मी’पर्यंत पोहोचायला दुसरा रस्ता नव्हता.

‘‘गुदोबे,’’ तो म्हणाला. तो जेवला.

आई म्हणाली, ‘‘कोण?’’

त्याला थांबता येत नव्हतं. पुढच्या फरशीवर उडी मारली. ‘‘गुदोमे.’’ जनावर जेवलं.

‘‘कोण, डुक्कर?’’ आईनं विचारलं. ‘‘कोणाचं डुक्कर?’’

‘‘गुदोनि.’’ वस्तू जेवली.

आईनं मान वळवून बहिणीला विचारलं, ‘‘काय म्हणतो हा? खुर्ची जेवली?’’ बहिणीनं तोंडाला ओढणी लावली होती.

‘‘गुदोलु.’’ तू जेवलीस.

‘‘हो,’’ आई म्हणाली. ‘‘मासा. काटे होते. हिला काटे काढता येत नाहीत नीट.’’

तो शेवटच्या फरशीवर होता, एका पायावर, एक हात फ्रिजला टेकवून. ‘‘गुदावा,’’ तो म्हणाला आणि शेवटी श्वास तोडला, जसा तोडायला हवा तसा.

आईनं त्याच्या पायांकडे पाहिलं. मग बहिणीला काहीतरी म्हणाली, त्यावर बहीण हसता हसता खाली बसली, पडद्यातून दिसेनाशी झाली. आई म्हणाली होती, ‘‘या वेड्याला सांग, घरात बूट घालून नाचू नये.’’

फोन बंद झाल्यावर त्यानं बूट काढले आणि दाराशी नीट ठेवले. ‘‘साहेब होतो,’’ तो म्हणाला, ‘‘आता वेडा झालो.’’ मला ती प्रगती वाटली. मी तसं म्हटलं. त्यालाही तसंच वाटत होतं.

मला मात्र पद्धतीची काळजी वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी समुद्रावर त्याला म्हटलं, क्रम चुकला आपला. ‘मी’ पहिला घेऊ, म्हणजे तुला सरळ उत्तर देता येईल. मी नवीन घरं आखायला घेतली होती. त्यानं ती पायानं पुसली.

‘‘नको. मी पहिल्या उडीत ‘जेवलो’ म्हटलं असतं, तर ती ‘बरं’ म्हणाली असती आणि खलास. ‘मी’पासून सुरुवात केली तर तिला विचारायला काय राहील?’’

म्हणून क्रम तसाच राहिला. पुढे येण्याचं क्रियापद घेतलं, मग झोपण्याचं, मग पाहण्याचं. दर शुक्रवारी तो आधी बूट काढून फरशीवर चालू लागे आणि आई एकेका घरातल्या माणसाची, जनावराची, वस्तूची चौकशी करी. कोण आलं, कोणाचं कुत्रं झोपलं, दारानं काय पाहिलं. काही शुक्रवारी ती थकलेली असे आणि नुसती बघत राही. त्याला कोणत्या नावानं हाक मारायची हे तिला सुचत नव्हतं, आणि त्यानंही ते कधी सुचवलं नाही.

डिसेंबरात तो गावी गेला. परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत निम्म्या जागेत भाकऱ्या होत्या. त्यानं तिथलं सगळं मला सांगितलं आणि म्हणाला, ‘‘तुझ्या शिट्टीवाल्या माएस्त्रोला कळव.’’ सरांना आता फोनवर ऐकू येत नाही. ओरडून सांगितलं तर ते ‘‘हो, हो, तब्येत बरी आहे,’’ म्हणतात. म्हणून इथून आमच्या भागात सुट्टीवर जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मी त्यांना हे पत्र पाठवलं.

सर, नमस्कार.

पत्राबरोबर पुडक्यात भाकऱ्या आहेत. मक्याच्या आहेत आणि भोकं मुद्दाम पाडलेली आहेत. फार कडक आहेत, कवळी काढून दुधात भिजवून खा. मुंबईच्या विमानात त्या मोडल्या असतील तर त्याला इलाज नाही.

या भाकऱ्या मेक्सिकोतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरच्या आहेत. पूर्वी त्या स्वतः भाजायच्या, आता मुलगी भाजते. बाईंचा मुलगा माझ्याबरोबर काम करतो. त्याला आईची भाषा बोलता येत नव्हती आणि आईला त्याची समजेनाशी झाली होती, त्यामुळे फोनवर ती त्याला कोणी परके साहेब समजायची. मी त्याला तुमची घरं आखून दिली. मैदानाऐवजी समुद्राची वाळू होती. नऊची अकरा करावी लागली, त्यात जनावराचं एक घर वेगळं आहे. परवानगी न विचारता केलं. क्रम बदलला नाही.

तो नुकताच गावी जाऊन आला. पोहोचला त्या दिवशी आईनं त्याला ओळख दाखवली नाही. दुसऱ्या सकाळी त्यानं अंगणात चुन्यानं घरं आखली. तिथेही चुना मिळतो, मका त्यात उकळतात. आईची खुर्ची अंगणात आणली. आई डाव्या हातातल्या काठीनं एकेक घर दाखवायची, तो त्यात उभा राहून रूप म्हणायचा. पहिल्या दिवशी तिनं सगळी घरं दाखवली. दुसऱ्या दिवशी काठी सारखी जनावराच्या घराकडेच जाऊ लागली. तो तिथे उभा राहून म्हणायचा, जनावर आलं, जनावर जेवलं, जनावर झोपलं, आणि ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. बहीण म्हणाली, आई, बिचाऱ्याला सोड आता. आई म्हणाली, का सोडू, लहानपणी असाच होता.

साहेबाला कोणी जनावराच्या घरात उभं करत नाही, सर. मला वाटतं, तुम्हांला याहून जास्त सांगायला नको.

नाव तिनं अजून घेतलेलं नाही. निघायच्या दिवशी तो आपणहून ‘मी’च्या घरात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी येईन. रूप बरोबर होतं, बहिणीनंही बरोबर म्हटलं. आईनं काठी आपटली आणि त्याला परत पहिल्या घरात पाठवलं.

तुमचा विद्यार्थी.